नाल्याकाठचा सुरण

सुरणाचे गड्डे कापायला बसण्याआधी अंजनाबाईंनी सुनेच्या कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळलं, मग स्वतःच्या हातांना चोळलं, आणि तरीही दुपारपर्यंत दोघींचे हात लाल होऊन सुजले.

"मिरचीपेक्षा बरं," सरिता म्हणाली. लग्नाआधी तीन हंगाम ती भिवापूरला मिरचीची देठं खुडायला जात होती. मिरची जाळते, पण जाळून मोकळी होते. सुरणाचं तसं नव्हतं. कातडीखाली बारीक केस शिरावेत तसा तो खाजायचा, खाजवलं की पसरायचा, आणि चुकून तोच हात मानेला लागला की मग मान.

"काय बरं हाय त्यात?" अंजनाबाई म्हणाल्या. "कापूस लावला असता तर हात तरी आपले राह्यले असते."

सुरणाची कल्पना सरिताची. मागच्या वर्षी तिनं नाल्याकडच्या कडुनिंबाखाली दहा गड्डे लावून पाहिले होते. दिवाळीत नागपूरच्या हिंदी बोलणाऱ्या घरांमध्ये जिमीकंद, म्हणजे सुरण, लागतोच, हे तिचा नवरा अंकुश तिथंच हुडकेश्वरला शाळेची व्हॅन चालवता चालवता ऐकून आला होता. काढले ते नऊच्या नऊ गड्डे माणसाच्या डोक्याएवढे झाले. महिनाभरानं एक दिवस सासरे गोविंदांनी स्वतःच नाल्याकडचं अर्धं एकर नांगरायला घेतलं. पिंपळझरी गावात त्यांच्याकडे तेवढीच एक ओलीची जागा होती.

एकेक फोड अर्ध्या किलोची, प्रत्येक फोडीला डोळा आलाच पाहिजे. फोडी शेणकाल्यात बुडवून कडुनिंबाच्या सावलीत वाळवल्या. मे लागता लागता गोविंदांनी दोन-दोन हातांवर खड्डे घेतले, शेणखत भरलं, फोडी लावल्या आणि वरून भाताची तणस पसरली. तिघांनी आठ दिवस ते काम केलं. जमीन तापून तव्यासारखी झाली होती. पाणी दिलं की खड्ड्यातून वाफ निघायची, तिला कुजक्या शेणाचा वास.

मागच्या वर्षीच्या दहांतला एक गड्डा सरितानं काढलाच नव्हता. कडुनिंबाखाली तसाच राहू दिला होता. मेअखेरचा नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्या दिवशी संध्याकाळी तो फुलला.

तिला आधी वाटलं, कुत्रं मेलं. नाकाला पदर लावून ती शोधत गेली तर कडुनिंबाच्या बुडाशी जमिनीतून थेट ते वर आलेलं. पान नाही, दांडा नाही. परातीएवढं, काळपट तांबडं, कडांना चुरगळलेलं, आणि मधोमध जांभळा, सुरकुतलेला, ओला गोळा. कसायाच्या ओट्यावर पडून राहिलेल्या मांसासारखं दिसत होतं, वासही तोच. हिरव्या माश्या आत शिरत होत्या, बाहेर येत होत्या.  आपण लावलेल्या झाडाला असं काही लागतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. पोरं येऊन नाक दाबून हसून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांदणीवरच्या मोठ्या वावराचे मालक विश्वनाथभाऊ मोटरसायकल उभी करून वावराच्या कडेच्या धुऱ्यावर आले. नाल्याच्या वरच्या अंगाला त्यांचा कोंबड्यांचा शेड होता, तीन हजार पक्ष्यांचा.

"हे काय लावून ठेवलं गा गोविंदा?" ते म्हणाले. "आख्ख्या गावाले वास येऊन राहिला."

"फूल हाय," गोविंदा म्हणाले. "दोन दिवसांत वाळून जाईन."

"फूल!" विश्वनाथभाऊ हसले. "तुमच्याकडचं फूलबी असंच."

गोविंदांनी मान खाली घातली. सरिता ऐकत होती. विळा घेऊन तिनं ते फूल मुळातून कापलं, खड्डा केला, पुरलं आणि वर पायानं माती दाबली. हाताला त्याचा चीक लागला होता. तीनदा साबण लावला तरी जेवताना घासागणिक तो वास आला, आणि अर्धी भाकर तिनं तशीच ठेवली.

त्याच दिवशी दुपारी वीज गेली. सेहेचाळीस डिग्री होतं म्हणे. गावातली माणसं घराघरांत ओलं फडकं डोक्यावर घेऊन पडली. संध्याकाळी सहाला वीज आली, तोवर शेडमधले पंखे आणि पाण्याचे फवारे पाच तास बंद होते. ते गावाला नंतर कळलं.  दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी विश्वनाथभाऊंचा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन नाल्याकडे जाऊन आला, एवढंच अंजनाबाईंनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. चौथ्या दिवशी तो घरात आला. पाण्याच्या माठापाशी, अंथरुणात, धुतलेल्या कपड्यांत. हातपंपावरच्या बाया सरिताला पाहून पदर नाकाशी नेऊ लागल्या.

"अजून कापलं नाहीस का वं ते?" एकीनं विचारलं.

"कापलं. पुरलंबी."

"मंग वास कायचा येते?"

सरितानं परत जाऊन कडुनिंबाखालची माती उकरली. फुलाचा काळा लगदा झाला होता, त्याला जेमतेम वास होता. ती उकिडवी बसलेली असताना एक कुत्रं नाल्यातून वर आलं. त्याच्या तोंडात पांढरा पंख होता.

नाल्यात बेशरमाची दाट झाडं आहेत. ती फांद्या बाजूला करत खाली उतरली आणि थांबली. कोरड्या पात्रात, त्यांच्या वावराच्या वरच्या कोपऱ्याला लागूनच, ढीग होता. चारशे असतील, पाचशे असतील. वरच्या कोंबड्या फुगून गोल झाल्या होत्या, पाय आभाळाकडे. खालच्या चपट्या, ओल्या, एकमेकींत मिसळलेल्या. काही जिवंत आहेत असं तिला वाटलं, कारण पिसं हलत होती. मग दिसलं की पिसांखाली अळ्या आहेत, तांदूळ सांडावा तशा, आणि सगळा ढीगच त्यांच्यामुळे मंद हलतो आहे. ढिगातून काळसर पाणी निथळून वाळूत उतरत होतं. ती वळली आणि बेशरमाच्या बुडाशी ओकली. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली.

मग तोंड पुसून तिनं मोबाइलवर फोटो काढले.

ग्रामपंचायतीत सरपंच जितेंद्र होता, विश्वनाथभाऊही तिथंच खुर्चीवर बसलेले. गोविंदा आणि सरिता दाराशी उभे राहिले. सरितानं फोटो पुढे केले. जितेंद्रनं एक पाहिला आणि मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

"अर्ज द्या," तो म्हणाला. "तालुक्याले पाठवतो. पंचनामा होईन. पंधरा-वीस दिवस तर लागतेच."

"पंधरा दिवसांत पाऊस येते," सरिता म्हणाली. "नाल्याचं पाणी आमच्या वावरात घुसते. ती सगळी घाण खड्ड्यांत जाईन. सुरण सडून जाते पाणी थांबलं तर, हे तर—"

"सूनबाई," विश्वनाथभाऊ मधेच म्हणाले. आवाज गोड होता. "मी कुठं नाही म्हणतो? मेल्या कोंबड्या. उन्हापुढे कोणाचं चालते? मी तर काल गोविंदालेच सांगणार होतो. गोविंदा, तू घेऊन टाक ना हे काम. एक खड्डा करायचा, ढकलायचं, माती लोटायची. मजुरी तू म्हणशीन ते देतो. माह्या माणसायले नाही जमत गा. दोघं गेले, उलट्या करून परत आले. तुमच्या लोकायले ठाऊक असते हे."

जितेंद्र म्हणाला, "कामच हाय शेवटी. काम का लहान-मोठं राहते? आणि वावर तुमचंच वाचते."

पंखा फिरत होता. सरितानं सासऱ्यांकडे पाहिलं. गोविंदांच्या कानामागून घाम मानेवर उतरत होता. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी तोंड पुसलं, सावकाश, पुन्हा एकदा पुसलं.

"नाही जमत," ते म्हणाले.

"काहून? बिमार हायस?"

"बिमार नाही. नाही करत."

"मंग पाणी तुह्याच वावरात जाईन गोविंदा," विश्वनाथभाऊ म्हणाले. "माह्यं वावर चढावर हाय."

 घरी येताना सरिता रस्ताभर हिशोब करत होती. तिघं मिळून गेलो तर एका दिवसाचं काम. तोंडाला फडकं बांधायचं, रॉकेल टाकायचं. ओसरीवर चढल्या चढल्या तिनं कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"मामाजी, मी जातो," ती म्हणाली. "त्याची मजुरी नको. आपल्या सुरणासाठी जातो. त्यात काय हाय?"

"ठेव ते," गोविंदा म्हणाले.

"पण आपलंच नुकसान—"

"ठेव म्हटलं ना!"

त्यांनी सुनेवर कधी आवाज चढवला नव्हता. सरिता फावडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. ते मागच्या अंगणात निघून गेले. अंजनाबाई चुलीपाशी बसल्या होत्या, तिथूनच बोलल्या.

"माह्ये सासरे, धोंडबा. तू नाही पाह्यलं त्यायले. ह्याच गावात कोणाचंबी ढोर मेलं की ह्या घराले हाक येत होती. मालक दारात उभा राहून नुसतं म्हणे, पडलं हाय. की उठाचं. उन्हाळ्यातलं, चार दिवसांचं, कसंबी असो. त्यायच्या हाताचा वास जेवतानाबी जात नव्हता म्हणे, म्हणून ते डाव्या हातानं खात. मंग छप्पन साली छोट्या लाइनीच्या गाडीनं नागपूरले गेले, दीक्षा घेतली, आणि आल्यावर पहिल्याच हाकेले नाही म्हटलं. गावानं चार महिने काम दिलं नाही. दोन लेकरं गेली त्या साली. पण मंग ह्या घरातून कोणी गेलं नाही."

सरितानं फावडं खाली ठेवलं नाही, पण ओसरीवर बसली.

"मले कोणी सांगितलं नाही हे," ती म्हणाली.

"सांगावासारखं हाय का?"

संध्याकाळी गोविंदा आत आले. "वरच्या धुऱ्यानं चर खोदू," ते म्हणाले. "नाल्यातून पाणी जिथं घुसते तिथून कडुनिंबापर्यंत. माती आपल्या बाजूला टाकून बांध करू. पाणी चरातून खाली निघून जाईन, खालच्या पडीक जमिनीत."

सत्तर पावलांचं अंतर होतं. काळी जमीन उन्हानं विटेसारखी झालेली. टिकास मारली की ठणकन आवाज यायचा आणि मूठभर ढेकूळ निघायचं. पहाटे पाचला सुरू करायचे, दहाला थांबायचे, पुन्हा चार वाजता. नाकातोंडाला कापूर चोळलेलं फडकं बांधायचं. पहिल्या तासात कापूर उडून जायचा आणि मग फडक्यालाच तो वास धरायचा. चर ढिगाच्या वीस पावलांवरून जात होता. माश्या तिथून उठून यायच्या, घामावर बसायच्या, डोळ्यांच्या कोपऱ्यांत, ओठांवर. त्या कुठून आल्या आहेत हे ठाऊक असल्यामुळे सरिता त्यांना हातानं झटकायचीही नाही, फडक्याचं टोक मारायची. तहान लागली तरी फडकं खाली करून पाणी प्यायला मन धजत नव्हतं. पाण्याबरोबर वास गिळावा लागायचा.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाईंच्या तळहाताची कातडी निघाली. चिंध्या बांधून त्या घमेली उचलत राहिल्या. शनिवारी अंकुश आला. नाल्यात डोकावून आला आणि बापाला म्हणाला, "बाबा, मी कोणाले तरी पैसे देऊन बोलावतो बाहेरून. उमरेडहून. मॅटर खतम."

"कोणाले बोलावशीन?" गोविंदा टिकास थांबवून म्हणाले. "कोण येईन? आपल्यासारखाच कोणी येईन ना?"

अंकुशनं शर्ट काढला आणि खाली उतरला.

चौथ्या दिवशी विश्वनाथभाऊ पांदणीवर येऊन उभे राहिले. रुमाल नाकाला. बराच वेळ पाहत होते.

"एवढं खोदून राहिलास गोविंदा," ते म्हणाले, "एवढ्यात माह्या कोंबड्या चारदा पुरल्या गेल्या असत्या."

गोविंदांनी वर पाहिलं नाही. "हो," ते म्हणाले. "पुरल्या गेल्या असत्या."

 विश्वनाथभाऊंनी मोटरसायकलला दोनदा किक मारली, तिसऱ्यांदा ती सुरू झाली.

जूनच्या दहा तारखेला रात्रभर पाऊस पडला. सकाळी तिघं वावराकडे धावत गेले तर नाला दुथडी भरलेला, आणि चर काठोकाठ. पाणी तपकिरी, त्यावर फेस, फेसात पिसं. बांध धरून होता. एका ठिकाणी, कडुनिंबाजवळ, तो वीतभर खचला होता आणि तिथून पाणी सुरणाच्या कडेच्या दोन ओळींत उतरलं होतं. गोविंदा त्या खिंडारात आडवे बसले, नुसते बसले, पाठीनं पाणी अडवून, आणि सरितानं त्यांच्या भोवती माती टाकली. त्यांच्या मांडीवरून कोंबडीचं मुंडकं वाहत गेलं. डोळे मिटलेलं, चोच उघडी. त्यांनी तोंड फिरवलं, पण ते उठले नाहीत.

बाकीचा ढीग पाण्यानं नेला. कुठं नेला, कुठल्या गावाच्या घाटाला लावला, कोणी विचारलं नाही. पंचनामा झाला नाही. जुलैत विश्वनाथभाऊंच्या शेडमध्ये नवीन पिल्लं आली.

सुरणाला कोंब फुटले. ठिपक्यांचा जाड दांडा आणि वर छत्रीसारखं पान. अर्धं एकर हिरवं झालं. पण त्या दोन ओळी गेल्या. कोंब वर आले, आणि ऑगस्टात जमिनीलगत दांडे नरम पडून आडवे झाले. सरितानं एक ओढला तर तो गड्ड्यापासून सुटून हातात आला, आणि खड्ड्यात बोट घातलं तर बोट सरळ लगद्यात गेलं, थंड, दह्यासारखं. वास ओळखीचा होता. एकेचाळीस खड्डे. रोग पुढे जाऊ नये म्हणून तो लगदा हातानं काढून, टोपल्यात भरून, दूर नेऊन पुरावा लागला. ते काम तिनं आणि गोविंदांनी केलं. फडकं न बांधता केलं.

"हे आपलं हाय," गोविंदा एकदा म्हणाले, तेवढंच.

अर्धं पीक दिवाळीआधी काढून नागपूरला गेलं आणि चांगलं गेलं. उरलेलं त्यांनी पानं पुरती पिवळी होऊन पडेपर्यंत जमिनीत ठेवलं. डिसेंबरात काढणी सुरू झाली. फावड्यानं भोवतीची माती सोडवायची, मग हातानं गड्डा उचलायचा. चार-चार, पाच-पाच किलोचे निघत होते. खाजेसाठी अंजनाबाईंनी धुऱ्यावर बकेटीत चिंच कोळून ठेवली होती. तास-दीड तासानं तिघं येऊन त्यात कोपरापर्यंत हात बुडवायचे.

विश्वनाथभाऊ पायी आले. चालणं बरोबर नव्हतं, पाय फाकवून, थांबत थांबत. धुऱ्यावर आले, पण बसले नाहीत.

"गोविंदा, जरा सुरण पायजे होता," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणते ऑपरेशन कर. वैद्य म्हणते, मूळव्याधीले सुरणासारखं काही नाही. ताजा, जमिनीतून काढलेला. तीन महिन्यांपासून रक्त जाऊन राहिलं गा. बसता येत नाही."

 अंजनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सरिताच्या डोळ्यांपुढे त्या माणसाचं दुखणं आलं, ओलं, तांबडं, आणि तिला शिसारी आली. मग शिसारी आल्याचाच राग आला.

"ओळीत हाय," ती म्हणाली. "घ्या काढून."

"मी?"

"आम्ही आमचंच काढून राहिलो. तुम्हाले ताजा पायजे ना?"

विश्वनाथभाऊंनी गोविंदांकडे पाहिलं. गोविंदा फावड्यावर रेललेले होते. त्यांनी फावडं पुढे केलं.

त्यांना उकिडवं बसता येईना. गुडघ्यांवर टेकले, वाकले, कण्हले. फावडं नीट धरता येत नव्हतं. गड्ड्याला दोन ठिकाणी लागलं, पांढरा चीक सुटला, आणि तो तसाच त्यांनी दोन्ही हातांनी उपसून छातीशी धरला. क्षणभर काही नाही. मग त्यांनी मनगट खाजवलं, मग कोपर, मग गळा. अंगठ्याएवढी टेंगळं उठली. डोळ्यांत पाणी आलं.

"आग होऊन राहिली बाप्पा! काय लावता याले?"

"चिंचेचं पाणी," अंजनाबाई म्हणाल्या आणि बकेटीकडे बोट दाखवलं.

बकेटीत नुकतेच गोविंदा हात धुऊन गेले होते. पाणी मातीनं गढूळ, वर चिंचेचे दोरे तरंगत होते. विश्वनाथभाऊ बकेटीपाशी उभे राहिले. त्यांनी वर पांदणीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. एकदा त्यांनी अंजनाबाईंना म्हटलं, "जरा वरून ओता ना हातावर." अंजनाबाई जागच्या हलल्या नाहीत. विश्वनाथभाऊंनी नखांनी पुन्हा हात ओरबाडला, रक्ताची रेघ उठली, आणि मग ते वाकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. डोळे मिटून उभे राहिले. तोंडातून लहान मुलासारखा आवाज निघाला.

ते गड्डा पिशवीत घालून गेले, पाय फाकवत. पैसे किती ते त्यांनी विचारलं नाही, दिले नाहीत, आणि इकडून कोणी आठवणही केली नाही.

सरितानं बकेट उचलली आणि धुऱ्यापलीकडे ओतायला निघाली.

"काहून ओततं?" गोविंदा म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून बकेट घेतली, खाली ठेवली, आणि त्याच पाण्यात आपले हात बुडवले. "चिंच चांगली हाय अजून. दोन ओळी बाकी हायेत."

अंजनाबाई आल्या, त्यांनीही बुडवले.

सरिता पाहत उभी राहिली. सासऱ्यांचं बरोबर होतं, कोणाचा हात लागून पाणी विटाळत नाही, हे तिला कळत होतं. तरी त्या पाण्याकडे तिला पाहवेना. फावडं घेऊन ती ओळीत परत गेली आणि अंधार पडेपर्यंत गड्डे काढत राहिली. हात कोपरापर्यंत पेटले होते. ते तिनं तसेच जळू दिले.